ओळखीचा घटक सापडला, आता त्याच्या पुढचा कसा काढायचा?

बाळीवेस
नमस्कार मंडळी. सोलापुरातच बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेला आमच्याकडे दरवर्षी पाहुणे येतात आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, "आजचं झालं, आता पुढे काय?" म्हणून जावास्क्रिप्टमध्ये एक छोटं पान बनवतेय. एका अ‍ॅरेत पाच नावं क्रमाने ठेवली आहेत : यण्णीमज्जन, अक्षता सोहळा, होमप्रदीपन, शोभेचे दारूकाम, कप्पडकळी. पाहुण्याने आजच्या विधीचं नाव टाकायचं, पानाने पुढचा विधी सांगायचा. मी असं लिहिलं :

क्रमांक = विधी.इंडेक्सऑफ(नाव)
पुढचा = विधी[क्रमांक + १]

माझ्याकडे नीट चाललं. काल मैत्रिणीने तिच्या फोनवरून "अक्षदा सोहळा" असं टाकलं, तर उत्तर आलं "यण्णीमज्जन". तो तर आदल्या दिवशीच होऊन गेलेला असतो! आणि कप्पडकळी टाकलं की "अनडिफाइन्ड" असा शब्द दिसतो. चूक कुठे आहे ते थोडं थोडं कळतंय, पण बरोबर पद्धत कोणती? सगळे कसं करतात?

शेंगाचटणी
इंडेक्सऑफ घटकाचा क्रमांक देतो, मोजणी शून्यापासून. नाव सापडलं नाही की तो उणे एक देतो. तू त्यात एक मिळवलास, झालं शून्य. शून्यावर यण्णीमज्जन बसलंय, तेच आलं. म्हणजे न सापडलेल्या प्रत्येक नावाला तुझं पान पहिला विधी दाखवणार. कुठे लाल अक्षरं नाहीत, काही नाही. म्हणूनच ही चूक फार दिवस दडून राहते.

आधी तपास, मग मिळव :

जर क्रमांक == −१ तर "नाव सापडलं नाही"
जर क्रमांक == विधी.लेंग्थ − १ तर "हा शेवटचा"
नाहीतर विधी[क्रमांक + १]

मी पुण्यात एका ठिकाणी ऑर्डरच्या टप्प्यांसाठी नेमकं हेच लिहिलं होतं. एका टप्प्याच्या नावात मागे एक मोकळी जागा राहिली होती. रवाना झालेल्या ऑर्डरी परत "ऑर्डर मिळाली" वर जायच्या. दोन दिवस गेले शोधण्यात. ॲरेत नाव असणारच, असं तेव्हापासून मी कधी धरून चालत नाही.

सातरस्ता
कप्पडकळीनंतर काय? पाहुण्यांना शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून द्यायची नि स्टेशनवर सोडायचं. हे घाल पानावर. :)

जुळेसोलापूर
पीएचपीत हाच खड्डा जरा वेगळ्या जागी आहे. तिथे अ‍ॅरे_सर्चला सापडलं नाही तर तो उणे एक देत नाही, फॉल्स देतो. आणि पहिलाच घटक सापडला तर शून्य देतो. आता कोणी लिहिलं की "जर क्रमांक नसेल तर", तर शून्यही 'नाही'च ठरतो. म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये न सापडलेला पहिला होऊन बसतो आणि पीएचपीत पहिलाच न सापडलेला होतो. तीन बरोबरच्या चिन्हांनी फॉल्सशी तुलना करायची, त्याला पर्याय नाही.

शिवाय अ‍ॅरे_सर्चची तुलना मुळात ढिली असते. तिसऱ्या जागी ट्रू दिलं की कडक होते. पीएचपी ८ च्या आधी तर शून्य हा आकडा आणि अक्षरांचा कुठलाही शब्द समान मानला जायचा. २०२० च्या शेवटी ८ आलं तेव्हा ते बदललं. जुन्या सर्व्हरवर अजून ७ चालू असेल तर सांभाळून.

निशिगंध
मी प्रोग्रॅमिंग शिकवते. बाळीवेस, तुझा प्रश्न परीक्षेत विचारण्यासारखा आहे, कारण प्रत्येक भाषा त्याचं उत्तर वेगळ्या स्वभावाने देते. पायथॉनमध्ये लिस्टचं इंडेक्स वापरलंस आणि नाव नसेल तर ती उणे एक देत बसत नाही, सरळ व्हॅल्यूएरर देऊन थांबते. शेवटच्याच्या पुढचा मागितला तर इंडेक्सएरर. जावाही थांबते. जावास्क्रिप्ट अनडिफाइन्ड देते आणि पुढे चालत राहते. सी मात्र काहीच म्हणत नाही. अ‍ॅरेच्या पलीकडे मेमरीत जे पडलेलं असेल ते उचलून देईल, किंवा प्रोग्रॅम कोसळेल, काहीही होऊ शकतं. मुलं म्हणतात, मॅडम माझ्या मशीनवर बरोबर उत्तर येतंय. मी त्यांना सांगते की सीमध्ये ती खात्री नव्हे.

पायथॉनची एक गंमत मला फार आवडते. इंडेक्स काढायचाच नाही :

चालक = आयटर(विधी)
जर "अक्षता सोहळा" इन चालक : पुढचा = नेक्स्ट(चालक, नन)

'इन' शोधता शोधता चालकाला सापडलेल्या घटकाच्या लगेच पुढे नेऊन ठेवतो, मग नेक्स्ट म्हटलं की पुढचा हातात. शेवटचा असेल तर नन. एकाच फेरीत काम होतं, आणि लिस्ट नसून फाइलमधून ओळ ओळ येत असेल तरी चालतं.

शेंगाचटणी
निशिगंधताई, सुंदर आहे, पण कामावर मी हे लिहू देणार नाही. 'इन' ने चालक पुढे सरकतो हे वाचणाऱ्याला दिसत नाही. सहा महिन्यांनी कोणीतरी मध्ये एक तपासणी घालेल आणि एक घटक गिळला जाईल.

निशिगंध
मान्य. वर एक ओळ टीप लिहायची. पण फाइलमधून येणाऱ्या ओळींना इंडेक्स नसतो, तिथे तू काय करशील? शेवटी "मागचा घटक तोच होता का" एवढं लक्षात ठेवून साधा लूपच ना? पायथॉन ३.१० पासून इटरटूल्समध्ये पेअरवाइज आलंय, ते शेजारशेजारच्या जोड्या देतं. जोडीतला पहिला जुळला की दुसरा तुझा. हे तर तुला चालेल?

शेंगाचटणी
हे चालेल. जोड्या वाचताना डोळ्यांना दिसतात.

मागावरचा
मी प्रोग्रॅमर उशिरा झालो. आधी वडिलांच्या मागावर होतो, तेव्हा हा प्रश्न माझ्या डोळ्यांपुढे दहा वर्षं फिरत होता. चादरीच्या डिझाइनची जॅकार्डची कार्डं दोरीने एकमेकांना ओवलेली असतात. प्रत्येक कार्डावर भोकं. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ, कुठले उभे धागे वर उचलायचे ते भोकं सांगतात. शेवटचं कार्ड पहिल्याला बांधलेलं, म्हणजे माळच. त्यामुळे शेवटच्यानंतर काय हा प्रश्न मागाला पडतच नाही, नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जॅकार्डने १८०४ मध्ये फ्रान्समध्ये जे बसवलं त्यालाच आज आपण गोल अ‍ॅरे म्हणतो. कोडमध्ये लिहायचं तर :

पुढचं = कार्डं[(क्रमांक + १) मॉड्युलो एकूण]   (मॉड्युलो म्हणजे भागून उरलेली बाकी)

आता खरं सांगायचं ते पुढे आहे. धागा तुटला, माग थांबवला, मधली ओळ उसवली, तर परत कुठल्या कार्डापासून सुरू करायचं? मी एकदा हातातलं कार्ड पाहिलं आणि तसलंच भोकांचं कार्ड माळेत शोधून तिथून माग सुरू केला. पण नक्षीत तीच ओळ चार ठिकाणी होती! पट्टा सगळा वेडावाकडा गेला. वडील ओरडले नाहीत. त्यांनी कार्डाच्या कडेला खडूने लिहिलेला आकडा दाखवला आणि म्हणाले, भोकं बघू नको, आकडा बघ.

बाळीवेस, तुझ्या यादीत पाच नावं पाच वेगळी आहेत म्हणून निभावतंय. जिथे एकच किंमत दोनदा येते तिथे "या किमतीनंतरचा" हा प्रश्नच अपुरा आहे. इंडेक्सऑफ नेहमी पहिला सापडलेला देतो, लास्टइंडेक्सऑफ शेवटचा. मधला कोणीच देत नाही. आपण कुठे आहोत तो आकडा आधीपासून जवळ ठेवला तर शोधायची वेळच येत नाही.

विडीघरकुल
मागावरचा भाऊ, वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरीही मागच होते. त्या कार्डांचे आकडे एकपासून असायचे ना? मग मॉड्युलो असं लावून चालणार नाही. शून्यापासून मोजलं तर (क्रमांक + १) मॉड्युलो एकूण. एकपासून मोजलं तर आधी क्रमांक मॉड्युलो एकूण, नंतर + १. मी हे उलटं लावलं होतं, तर शेवटून दुसऱ्या कार्डानंतर शून्य क्रमांकाचं कार्ड मागत होतं, जे माळेत नाहीच.

मागावरचा
बरोबर. आकडे एकपासूनच. कोडमध्ये आणताना मी सगळे एकाने कमी करून घेतो.

निशिगंध
मोजणी शून्यापासून का, यावर संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांचं १९८२ सालचं हाताने लिहिलेलं एक टिपण आहे. सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा, म्हणजे दोन टोकांची वजाबाकी तीच लांबी येते, असा त्यांचा मुद्दा. पण मागावर उभं राहणाऱ्याने पहिल्या कार्डाला एकच म्हणावं.

होटगीकर
मी रेल्वेतून निवृत्त. संगणकातलं फारसं कळत नाही, मुलाने धागा दाखवला. पण "पुढचा कोणता" हे आम्हाला प्रवासी जन्मभर विचारत आले, म्हणून लिहितो.

मुंबईकडून येताना कुर्डुवाडी, माढा, मोहोळ, सोलापूर, होटगी. ही यादी सरळ आहे. सोलापूरच्या पुढे काय, तर होटगी? तुम्ही पुण्याकडे निघाला असाल तर नाही. दिशा विचारल्याशिवाय पुढचं स्टेशन सांगता येत नाही. आणि होटगीच्या पुढे काय? तिथे तर जंक्शन. एक फाटा अक्कलकोट रोडवरून वाडीकडे, दुसरा विजयपूरकडे. एका स्टेशनाला दोन पुढचे. तुमच्या त्या अ‍ॅरेत हे कसं मांडणार?

जुळेसोलापूर
काका, लाखातला प्रश्न विचारलात. अ‍ॅरेत नाही मांडता येत, तिथे ग्राफ लागतो. प्रत्येक स्टेशनाजवळ त्याच्या शेजाऱ्यांची यादी ठेवायची. किंवा स्टेशनांची एकच यादी न ठेवता प्रत्येक गाडीची वेगळी ठेवायची, मग त्या गाडीपुरतं पुढचं स्टेशन एकच.

होटगीकर
गाडीप्रमाणे यादी, हे बरोबर. आम्ही तसंच सांगायचो, आधी गाडी कुठली ते बोला. कुर्डुवाडीलाही तसंच होतं. बार्शी लाइटची छोटी गाडी, अडीच फुटांची. १८९७ मध्ये सुरू झाली. मोठ्या गाडीतून उतरून लोक छोटीत बसायचे, बार्शीला आणि पंढरपूरला जायला. आषाढीला कुर्डुवाडी स्टेशनात पाय ठेवायला जागा नसायची. आता सगळी रुंद झाली.

सातरस्ता
काका, त्या छोट्या गाडीवर वेगळा धागा काढा ना. आजोबा पंढरपूरला त्याच गाडीने जायचे म्हणून सांगायचे. ऐकायला आवडेल.

कोष्टक
मी हिशेबाच्या कामात आहे, रोज एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. आमच्याकडे हा प्रश्न "या पावतीनंतरची पावती" असा येतो. टेबलाला स्वतःचा क्रम नसतो, हे नवीन मुलांना पटवायला वेळ लागतो. काल ज्या क्रमाने दिसल्या त्याच क्रमाने आज दिसतील याची हमी नाही. ऑर्डर बाय लावल्याशिवाय 'नंतरची' या शब्दाला अर्थच नाही. तो लावला की लीड नावाचं फंक्शन पुढच्या ओळीतली किंमत याच ओळीत आणून देतं, आणि शेवटच्या ओळीला नल, म्हणजे रिकामं. मायएसक्यूएलमध्ये ते ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. त्याआधी टेबल स्वतःलाच जोडून करायचो.

सांगोलेकर
सगळे जागेनुसार पुढचा धरून बोलताय. माझ्याकडे पुढचा म्हणजे त्याहून मोठा. डाळिंबाची बाग आहे आणि थोडंफार पायथॉन लिहितो. पंपाच्या मोटरी ३, ५, साडेसात, १० अशा एचपीत मिळतात. विहिरीची खोली आणि पाण्याचा हिशेब केला, उत्तर आलं ४. यादीत ४ नाहीच, मग इंडेक्स काय शोधणार? पण मला पुढची मोटर हवीय, ५ ची.

यादी चढत्या क्रमाने असेल तर बायसेक्ट वापरायचं. ते मधोमध पाहतं, अर्धी यादी टाकतं, पुन्हा मधोमध. दहा लाख नोंदींतही साधारण वीस तुलनांत जागा सापडते. पण हिशेब बरोबर ५ आला तर? बायसेक्ट_लेफ्ट ५ च देईल, बायसेक्ट_राइट साडेसात देईल. मोटर घेताना मला लेफ्ट हवं, ५ ला ५ चालते. मात्र पाणी सोडायची पुढची वेळ काढताना राइट हवं, कारण आताची वेळ सुरू झालेली असते. पहिल्या वर्षी दोन्हीकडे लेफ्ट लावलं होतं. प्रोग्रॅम त्याच वेळेवर अडकून बसला, पुढे सरकेचना. बागेत जाऊन हाताने व्हॉल्व्ह फिरवला.

निशिगंध
फार मोलाचं उदाहरण आहे, वर्गात सांगेन. एक जोड : मधोमधचा क्रमांक काढताना दोन टोकांची बेरीज करून भागिले दोन करतात, ती बेरीज मोठ्या अ‍ॅरेत २१४७४८३६४७ (३२ बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा) च्या वर गेली की ऋण होते. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ही चूक होती. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये त्यावर जाहीरपणे लिहिलं. पायथॉनचे पूर्णांक हवे तेवढे वाढतात म्हणून तिथे ती अडचण येत नाही.

विडीघरकुल
परत बाळीवेसच्या पानाकडे येऊ. एवढं सगळं कशाला? एक मॅप करायचा, प्रत्येक नावासमोर त्याचा पुढचा. अक्षता सोहळा → होमप्रदीपन. शोध एका झटक्यात.

शेंगाचटणी
पाच घटकांना मॅपने वेग वाढणार नाही. पाच तुलना म्हणजे किती! आणि उद्या मध्ये एक विधी घालायचा झाला तर ॲरेत एक ओळ घालायची, मॅपमध्ये दोन जोड्या बदलायच्या. हजारो नोंदी असत्या आणि सारखं विचारायचं असतं तर एकदा फिरून मॅप बांधला असता.

विडीघरकुल
वेगासाठी नाही म्हणालो. न सापडलेलं नाव मॅपमध्ये मागितलं की अनडिफाइन्ड येतो, पहिला विधी येत नाही. तिची मूळ चूक होऊच शकत नाही.

शेंगाचटणी
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. बरोबर आहे.

जुळेसोलापूर
अजून एक गोष्ट कोणी काढली नाही, आणि मराठीत काम करणाऱ्याला तीच जास्त छळते. याच धाग्यात बघा, शेंगाचटणी लिहितोय ॲरे आणि बाकी आपण लिहितोय अ‍ॅरे. दिसायला सारखेच. पण त्याचा पहिला ॲ हे एकच अक्षरचिन्ह आहे, युनिकोड ५.१ मध्ये २००८ साली आलेलं. आपला अ‍ॅ म्हणजे अ, मध्ये एक न दिसणारा जोडक, आणि वर चंद्र. इंडेक्सऑफच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द. नॉर्मलाइज केलं, म्हणजे वेगवेगळ्या रीतीने साठवलेलं एकच अक्षर एका रूपात आणलं, तरी हे दोन एक होत नाहीत. ऱ चं तसं नाही, तो र आणि नुक्ता असा दोन तुकड्यांत आला तरी एनएफसी नॉर्मलायझेशनने जुळतो.

त्यात अक्षता की अक्षदा, यण्णीमज्जन की एण्णीमज्जन. लोक बोलतात तसं लिहिणार, आणि त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही. बाळीवेस, पाहुण्यांना नाव टाईप करायला लावूच नकोस. यादीतून निवडू दे आणि आतून क्रमांक पाठव. फक्त निवडलेला क्रमांक फॉर्ममधून मजकूर म्हणून येतो हे ध्यानात ठेव. मजकूर "१" मध्ये एक मिळवला तर जावास्क्रिप्ट "११" करेल. आधी आकड्यात बदल.

मागावरचा
जुळेसोलापूर +१. भोकं बघू नको, आकडा बघ.

होटगीकर
तारखा कशा ठेवल्यात? १३, १४ अशा पक्क्या लिहून ठेवू नका. संक्रांत काही वर्षी १५ ला येते, मग सगळंच एक दिवस सरकतं. अक्षता भोगीला, होमप्रदीपन संक्रांतीला, दारूकाम किंक्रांतीला, असं धरा.

बाळीवेस
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस बसून पान नव्याने लिहिलं. काय केलं ते सांगते.

नाव टाईप करायची चौकट काढून टाकली. तरी आजीने हट्ट धरला की फोनवर बोलून शोधता आलं पाहिजे, तिला यादीतली बारीक अक्षरं दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक विधीसोबत लोक म्हणतात त्या नावांची छोटी यादी ठेवली, अक्षता आणि अक्षदा दोन्ही एकाच विधीकडे जातात. आतमध्ये सगळीकडे फक्त क्रमांक फिरतो. होटगीकर काका, संक्रांतीची तारीख वर्षातून एकदा टाकायची, बाकी चार दिवस त्यावरून निघतात.

फंक्शन आता तीन वेगळी उत्तरं देतं : पुढचा विधी, हा शेवटचा, सापडलं नाही. मॉड्युलो लावू का यावर खूप विचार केला. कप्पडकळीनंतर पुन्हा यण्णीमज्जनच येतं, पण ते वर्षाने. पाहुण्याला ते "उद्या" असं दिसायला नको. म्हणून माळ बांधली नाही, सरळ यादीच ठेवली. शेवटी लिहिलं, "यात्रा पूर्ण झाली."

अजून एक अडलंय. नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) सात आहेत आणि त्यांचा मानाचा क्रम ठरलेला. मिरवणुकीत "आता कितवा गेला, मागून कितवा येतोय" हे दाखवायचं आहे. तिथे नावाने शोधू की नुसता मोजणीचा आकडा पुढे नेऊ?

मागावरचा
मोजणीचा आकडा. सातवा गेला की थांबायचं, तिथेही माळ नाही. आणि एक बटण मागे जाण्याचंही ठेव. गर्दीत कोणाचा तरी हात लागून दोनदा दाबलं जाईल.

होटगीकर
तुमचं पान मुलाच्या फोनवर उघडलं. "अक्षदा" म्हणालो, होमप्रदीपन आलं. मग मुद्दाम "मोहोळ" म्हणालो. उत्तर आलं, "हे नाव यात्रेच्या यादीत नाही."

बाळीवेस
काका :) मागे जाण्याचं बटण घातलं, पहिल्या नंदीध्वजावर ते बंद राहतं. नाहीतर तिथेही उणे एक झाला असता.